'दो रास्ते': दोन वाटा आणि बहिणीचा वाटा

आजचा एपिसोड एका सिनेमाचा आहे आणि थोडा सातबाऱ्याचाही. हेडफोन लावून ऐकत असाल तर ठीकच, पण घरात स्पीकरवर लावला असेल तर आधी आजूबाजूला कोण बसलंय ते बघून घ्या. नंतर मला बोलू नका.

साधारण 1993 साल. जाफराबादला आमच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. अँटेना फिरवायला एक जण माळवदावर उभा आणि खालून सगळे ओरडतायत, 'आलं आलं, गेलं गेलं.' त्या दिवशी दूरदर्शनवर 'दो रास्ते' लागला होता. मी चौथीत. आजोबा खुर्चीत, आजी खाली भिंतीला टेकून, बाकी पंधरा-सोळा माणसं जागा मिळेल तिथं. सिनेमातली श्रीमंताघरची सून भांडण काढते, आणि शिकून मोठा झालेला भाऊ तिच्यासाठी घर सोडतो, तो भाग आला. आजोबांनी उपरण्यानं डोळे पुसले. आजी म्हणाली, "बाई घर फोडती ती अशी."

आणि सगळ्यांनी काकूकडे पाहिलं.

कारण दोनच महिन्यांपूर्वी काका-काकूंची चूल वेगळी झाली होती. काकांना जालन्याला नोकरी लागली होती आणि पोरांच्या शाळेसाठी ते तिकडं बिऱ्हाड हलवणार होते. काकू काहीच बोलली नाही. "भाकरी टाकायच्या राहिल्यात," म्हणाली आणि उठून आत गेली. वास्तविक भाकरी कधीच टाकून झाल्या होत्या.

सिनेमाचा शेवट मला आता तुकड्या-तुकड्यांनीच आठवतो. काकूचं उठून जाणं मात्र पक्कं लक्षात आहे. त्यामुळे आजचा प्रश्न हा, की घर खरंच कोण फोडतं? आणि सिनेमा, कायदा नि आपण सगळे मिळून कोणाकडे बघतच नाही?

आधी गाव सांगतो. जाफराबाद म्हणजे जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, केळणा आणि धामणा या नद्यांच्या संगमावर वसलेलं. जुना किल्ला आहे, मोगल काळातल्या मशिदी आहेत. सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला, आणि जालना जिल्हा तर 1 मे 1981 ला झाला; त्याआधी आमचा जिल्हा औरंगाबाद. नदी ओलांडून थोडं पुढं गेलं की बुलढाणा, म्हणजे विदर्भ सुरू. इथं हिंदी सिनेमा कळायला कोणाला सबटायटल लागत नाहीत. गल्लीत दखनी हिंदी बोलतच आपण मोठे होतो.

आता सिनेमा. 'दो रास्ते' डिसेंबर 1969 मध्ये आला. दिग्दर्शक राज खोसला, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल, गाणी आनंद बक्षी यांची. राजेश खन्ना, मुमताज, बलराज सहानी, कामिनी कौशल, प्रेम चोप्रा, बिंदू. 'आराधना' त्याच वर्षीचा. 1969 ते 1971 या काळात राजेश खन्नाच्या हिट सिनेमांची जी रांग लागली, तिच्यातला हा अगदी सुरुवातीचा.

गोष्ट अशी. बलराज सहानी म्हणजे नवेंदू, घरातला थोरला. आई सावत्र, भाऊ सावत्र. पण सावत्र हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नाही. मधल्या भावाला अमेरिकेला शिकायला पाठवायचं म्हणून नवेंदू राहतं घर गहाण टाकतो. तो भाऊ, म्हणजे प्रेम चोप्रा, शिकून येतो, चांगली नोकरी लागते, श्रीमंताची मुलगी नीला त्याची बायको होते. ही बिंदू. मग कुरबुरी, भांडणं, वेगळं बिऱ्हाड, आणि गहाण घराचा बोजा मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर. धाकटा राजेश खन्ना थोरल्याच्या बाजूनं उभा राहतो. घर एकत्र ठेवायचं की आपापलं बघायचं, असे हे दोन रास्ते.

आता यातली गंमत. हा सिनेमा आपल्या घरचाच आहे! चंद्रकांत काकोडकर यांच्या 'नीलांबरी' या मराठी कादंबरीवर तो बेतलाय. फिल्मफेअरचं उत्कृष्ट कथेचं पारितोषिकही त्यासाठी काकोडकरांना मिळालं. पुढं 1978 मध्ये राज खोसलांनी नूतन आणि आशा पारेख यांना घेऊन 'मैं तुलसी तेरे आँगन की' केला, त्याची कथाही काकोडकरांच्या 'अशी तुझी प्रीत' या कादंबरीवरून घेतलेली. म्हणजे हिंदी पट्ट्यात ज्या 'आदर्श घराच्या' गोष्टीवर लोक रडले, ती एका मराठी माणसानं लिहिलेली होती.

आणि याच काकोडकरांवर त्याच काळात अश्लीलतेचा खटला चालू होता, हे मला फार उशिरा कळलं.

1962 च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची 'शामा' ही कथा छापून आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, अशी ती गोष्ट. तक्रार झाली, भारतीय दंड संहितेच्या कलम 292 खाली खटला उभा राहिला. खालच्या कोर्टानं सोडलं. मुंबई उच्च न्यायालयानं दोषी धरलं आणि काकोडकरांना दंड केला 25 रुपये. दंड 25 चा, पण शिक्का कायमचा. शिवाय अंकाच्या प्रती नष्ट करायचा आदेश. ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट 1969 मध्ये त्या न्यायालयानं शिक्षा रद्द केली. न्यायमूर्तींचं म्हणणं थोडक्यात असं, की समाजाची मापं झपाट्यानं बदलतायत आणि ही कथा वाचून कोणी बिघडेल असं तिच्यात काही नाही.

ऑगस्टमध्ये निकाल, डिसेंबरमध्ये 'दो रास्ते'. एका कथेनं तरुण पोरं बिघडतील म्हणून ज्या लेखकाला सात वर्षं काळजी लागली, त्याच्याच दुसऱ्या कथेला लोक घरच्या सगळ्यांना घेऊन गेले. प्रेमाच्या गोष्टीची कोर्टात उलटतपासणी झाली. घराच्या गोष्टीची कोणीच केली नाही. ती 'घरंदाज' होती ना! तर ती उलटतपासणी आज आपण करू.

सुरुवात एका मराठी बाईंपासून करतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्वे. 'युगान्त'वाल्या. 1953 मध्ये त्यांचं भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं मोठं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात एकत्र कुटुंब म्हणजे काय हे त्यांनी अगदी नेमकं सांगितलंय. माणसं साधारण एका छपराखाली राहतात. एका चुलीवरचं खातात. मालमत्ता सामाईक असते. देव सामाईक असतात. आणि ती एकमेकांची ठरावीक नात्यातली असतात.

छप्पर, चूल, मालमत्ता, देव, नातं. आता 'दो रास्ते' आठवा, किंवा या जातीचा कुठलाही सिनेमा आठवा. छप्पर दिसतं. जेवणाची पंगत दिसते. देवघर तर हमखास. नाती म्हणाल तर ढीगभर. पण मालमत्ता? ती फक्त गहाण पडताना नाहीतर लिलाव होताना दिसते. ती कोणाच्या नावावर आहे, कोणाचा त्यात किती हिस्सा, हे कोणी मोठ्यानं बोलत नाही. जो बोलेल तो खलनायक.

आमच्या जुन्या घराचंही तेच. ढाळज, मधला चौक, मागं परडं, धान्याचं बळद. कोण कुठं झोपणार हे ठरलेलं. पण कागद? कागद आजोबांच्या पेटीत. पेटीची किल्ली आजोबांच्या जानव्याला.

मग घर फोडलं कोणी? आजी म्हणाली, बाईनं. मी मोठा झाल्यावर माझ्या परीनं शोध घेतला. आधी सापडला सरकारी कायदा. शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा, ज्याला आपल्याकडं सगळे 'सिलिंग' म्हणतात. 1961 चा कायदा, 26 जानेवारी 1962 पासून लागू. पुढं 1975 मध्ये मर्यादा आणखी खाली आली. कोरडवाहू जमीन असेल तर 54 एकर. त्यावरची जाणार. मग मोठ्या जमीनवाल्यांनी काय केलं? कागदावर वाटण्या करून टाकल्या. चूल एक, सातबारे चार! सिनेमात सगळे एकत्र घराच्या नावानं रडत होते त्याच काळात तलाठ्याच्या दप्तरात घरं फुटत होती, तीही थोरल्यांच्या सहीनं, एकमतानं आणि चहा पिऊन. तिथं कुठलीही नीला आली नव्हती.

दुसरं कारण दुष्काळ. 1972 चा. सुकडी खाऊन खडी फोडलेली माणसं आमच्याकडं अजून आहेत. ज्याला जिथं काम मिळालं तिथं तो गेला, आणि काही जण परत आलेच नाहीत. तिसरं कारण नोकरी आणि शाळा. आमच्या काकांचं तेच होतं. जाफराबादहून जालना काही फार लांब नाही, पण रोज जाऊन-येऊन करायचं आणि पोरांना तिकडच्या शाळेत घालायचं, दोन्ही जमेना. निर्णय काकांचा होता. आजोबांनीच त्यांना शिकवलं होतं, तेही तुरीच्या पैशावर उसनवारी करून. अगदी नवेंदूसारखं. शिकवायचं म्हणजे माणूस बाहेर जाणार, हे त्यात आलंच की. पण दोष लागला काकूला.

सिनेमाचीही हीच सोय आहे. नीट बघा. घर मोडायला सुरुवात कुठं होते? घर गहाण टाकलं तिथं. म्हणजे नीला घरात येण्याच्या कितीतरी आधी. बलराज सहानी यांनी याआधी 1953 मध्ये 'दो बीघा जमीन' केला होता. त्यातला शंभू जमीनदाराकडून दोन बिघे सोडवायला कलकत्त्यात रिक्षा ओढतो. तिथं कर्ज हे सरळ कर्ज होतं आणि जमीनदार हा जमीनदार होता. 'दो रास्ते'मध्ये कर्ज मागं सरकलं आणि पुढं आली मोठं कपाळ करून बोलणारी सून. बिंदूनं काम असं ठसक्यात केलं की लोकांना राग काढायला चेहरा मिळाला.

मी सिनेमाला सरसकट वाईट म्हणत नाहीये हां. बलराज सहानींचा तो सावत्र थोरला भाऊ बघताना आजही माझा घसा दाटतो. रक्ताचं नातं अर्धंच, पण जबाबदारी पूर्ण. आमचे आजोबा त्यालाच बघून रडले होते, कारण त्यांनीही तेच आयुष्य काढलं होतं. पण चांगल्या माणसाच्या गोष्टीतही काही माणसं गाळलेली असू शकतात.

कोण गाळलंय? बघा, दोन रास्ते आहेत. एक एकत्र राहणाऱ्या भावाचा, दुसरा वेगळा होणाऱ्या भावाचा. रास्ता म्हणजे वाट. वाट, वाटा. आणि मराठीत 'वाटा' म्हणजे हिस्साही. दोन्ही वाटा मुलांच्याच. मुलीचा वाटा हा प्रश्न त्या घरात निघतच नाही. घर वाचलं तरी भावांचं, फुटलं तरी भावांचं.

आणि हे फक्त सिनेमात नव्हतं. त्यासाठी थोडं मागं जाऊ. 1948. कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर हिंदू कोड बिल मांडतायत. त्याआधीच्या राव समितीनं मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सुचवला होता. (गंमत म्हणजे आमच्या गल्लीतल्या मुस्लिम घरांना लागू असलेल्या शरियतमध्ये मुलीला मुलाच्या निम्मा वाटा शेकडो वर्षांपासून लिहिलेला आहे.) बाबासाहेबांनी मांडलेल्या बिलात तो मुलाइतकाच झाला. आणि मग विरोध उसळला. मुलीला वाटा दिला तर जावई घरात घुसेल, जमिनीचे तुकडे होतील, एकत्र कुटुंब मोडेल! बिल रखडत गेलं आणि 27 सप्टेंबर 1951 ला बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं.

म्हणजे लक्षात घ्या. संसदेला भीती बाहेरून येणाऱ्या जावयाची, सिनेमाला भीती बाहेरून येणाऱ्या सुनेची. दोन्हीकडं घर मोडणारा माणूस बाहेरचाच. आणि दोन्हीकडं घरातली मुलगी गप्प.

पुढं त्या बिलाचे तुकडे होऊन चार कायदे झाले. त्यातला हिंदू उत्तराधिकार कायदा 17 जून 1956 पासून लागू झाला. मुलीला वारस म्हणून जागा मिळाली, पण कशी ते हिशोबानं सांगतो. समजा, वडिलोपार्जित जमीन 24 एकर. वडील, दोन मुलगे, दोन मुली. आई आधीच वारलेली. वडील गेले. 1956 च्या कायद्यानं आधी कागदोपत्री वाटणी धरायची ती वडील आणि दोन मुलगे यांच्यातच, कारण सामाईक मालमत्तेत जन्मानं हक्क फक्त मुलांना. प्रत्येकी 8 एकर. मग वडिलांचे जे 8 आले, ते चारही पोरांत सारखे, म्हणजे 2-2 एकर. एकूण मुलाला 10, मुलीला 2.

आणि राहतं घर? तिथं कलम 23 होतं. कुटुंब घरात राहत असेल तर मुलीला त्या घराची वाटणी मागता येणार नाही, जोवर भाऊ आपणहून वाटणी करत नाहीत. राहायचा हक्क तेवढा, तोही ती अविवाहित, विधवा, नवऱ्यापासून वेगळी झालेली किंवा नवऱ्यानं टाकलेली असेल तरच. आता हे 1969 च्या सिनेमाला लावून बघा. त्या घराला लग्न झालेली बहीण असती, तर कायद्यानं तिनं काय करायचं? भाऊ कधी भांडतात याची वाट बघायची! भाऊ एकत्र राहिले तर तिला काहीच नाही. म्हणजे ज्या एकीवर आपण टाळ्या वाजवल्या, त्या एकीची किंमत ती न दिसणारी बहीण देत होती.

यात बदल आधी राज्यांनी केला. आंध्र प्रदेशानं 1986 मध्ये मुलींना सामाईक मालमत्तेत मुलांसारखाच हक्क दिला, आणि तेव्हा मुख्यमंत्री होते एन. टी. रामाराव, स्वतः तेलुगू पडद्यावरचे सर्वांत मोठे नट. तामिळनाडूनं 1989 मध्ये केलं. महाराष्ट्रात हा बदल लागू झाला 22 जून 1994 पासून. त्याच वर्षी राज्याचं पहिलं महिला धोरणही आलं. पण अट अशी, की त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुलींना हा हक्क नाही.

आणि जून 1994 नंतर ऑगस्ट 1994 मध्ये काय आलं, आठवतंय? 'हम आपके हैं कौन'! माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, रीमा लागू, लक्ष्मीकांत बेर्डे. निम्मं घर मराठीच. अख्ख्या देशानं एकत्र कुटुंबाचा असा सोहळा बघितला की लग्नात बूट पळवायची फॅशन जाफराबादपर्यंत आली. कायदा मात्र कोणी ऐकलाच नाही. आमच्या घरात त्या सिनेमाची कॅसेट आली, कायदा यायला आणखी सतरा वर्षं लागली.

मधल्या काळात 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राचा दुरुस्ती कायदा आला. मुलगी जन्मानंच मुलासारखी हक्कदार. लग्न कधी झालं याचा संबंध नाही. कलम 23 काढून टाकलं. आणि वडील 2005 ला हयात असायला हवेत की नको, हा जो घोळ कोर्टात चालला होता, तो सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात संपवला. हक्क जन्मानं आहे, वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही.

आता तोच 24 एकरांचा हिशोब नव्या कायद्यानं. चारही पोरांना 6-6 एकर. म्हणजे मुलगी 2 वरून 6 वर, मुलगा 10 वरून 6 वर.

हे आकडे मी उगाच घेतलेले नाहीत. 24 एकर, दोन मुलगे, दोन मुली. हे आमचंच घर आहे. आजी आधी गेली. आजोबा 2011 मध्ये गेले.

वारसांची नोंद झाली. चौघांचीही नावं लागली. नंतर सगळं 'व्यवस्थित करून घेऊ' असं ठरलं. व्यवस्थित म्हणजे हक्कसोड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हक्कसोडपत्र म्हणजे बहिणींनी स्टॅम्पवर लिहून द्यायचं, की आम्ही स्वखुशीनं, कोणाच्या दबावाशिवाय, काही मोबदला न घेता आमचा हिस्सा भावांना सोडतोय. मग दुय्यम निबंधकाकडं जाऊन फोटो, अंगठा, सही. एकदा नोंदवलं की सहजासहजी मागं फिरता येत नाही.

मोठी आत्या देऊळगाव राजाकडं राहते. तिला आणायला गाडी घेऊन मी गेलो होतो. हे मी आजपर्यंत कुठल्या एपिसोडमध्ये सांगितलं नाही. वाटेत मी तिला विचारलं, "आत्या, तुला नको का गं काहीच?"

ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "वावर घेऊन काय करू बाळा? माहेरचं दार उघडं राह्यलं म्हंजे झालं."

मला तेव्हा ते फार मोठ्या मनाचं बोलणं वाटलं. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलंसुद्धा, आत्या कशी म्हणाली बघा. आज वाटतं, ते सौद्याचं बोलणं होतं आणि भाव तिला पक्का माहीत होता. 6 एकर द्यायचे आणि बदल्यात वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि राखीला, दार उघडं मिळवायचं. दार बंद होऊ शकतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर ती उघडं राहू दे म्हणाली. आपलं असलेलं दार उघडं राहावं म्हणून कोणी किंमत मोजतं का?

सही झाली. दोघी आत्यांना साड्या नेसवल्या. चांगल्या, भारीतल्या. 1991 मध्ये 'माहेरची साडी' बघून आमच्या घरातल्या बायका दोन दिवस रडत होत्या. माहेरच्या साडीचा खरा दर मला 2011 मध्ये कळला.

आणि गंमत बघा. आजी नसतानाही ते वाक्य घरात जिवंत होतं. एक नातेवाईक म्हणाले, "बघा, लेकींनी घर राखलं. नाहीतर सुना फोडतात." कोपऱ्यात काकू बसली होती. या वेळी ती उठली नाही. शांतपणे म्हणाली, "लेकी आणि सुना काय वेगळ्या असतात का? ह्या घरची लेक ती त्या घरची सून." कोणी उत्तर दिलं नाही. मीही नाही.

मी वकील नाही, त्यामुळे कोर्टात जा असं सांगणार नाही. सगळ्याच बहिणींनी जमीन घ्यावी असंही माझं म्हणणं नाही. काही जणी खरंच मनापासून सोडतात. पण सोडायच्या आधी आपल्या हातात नेमकं काय आहे हे तिला कोणीतरी सांगायला हवं होतं. 6 एकर हा आकडा त्या गाडीत मी उच्चारला नाही. कारण मला तो माहीत नव्हता. आणि खरं सांगू? माहीत असता तरी बहुतेक उच्चारला नसता. त्यातले 3 एकर पुढं अप्पांच्या आणि मग माझ्या वाट्याला येणार होते.

आता तुमचं काम. एवीतेवी फोन हातात आहेच. 'महाभूलेख'वर जा, आपला जिल्हा, तालुका, गाव निवडा आणि घरचा सातबारा उघडा. बघायला पैसे लागत नाहीत. भोगवटादारांच्या नावांत कोण कोण आहे ते बघा. मग 'इतर अधिकार' हा रकाना बघा. पुष्कळ घरांत भावांची नावं मालक म्हणून वर असतात आणि बहिणींची नावं त्या 'इतर'मध्ये. घरातच जन्मलेली, पण इतर. काही घरांत तर तिथंही नसतात. मग फेरफार क्रमांक बघा, आणि तो कोणत्या साली कसा झाला ते घरी विचारा. जेवताना विचारा. भांडायला नका जाऊ, फक्त विचारा. इतिहास हा काय फक्त किल्ल्याच्या शिलालेखात नसतो, फेरफारातही असतो.

शेवटी माझं. मला एक मोठी बहीण आहे, ताई. पुण्यात असते. मागच्या महिन्यात मी तिला फोनवर म्हणालो, "ताई, पुढं कधी तुझ्याकडं सही मागायला मी येणार नाही. तुझा हिस्सा तुझा." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अप्पांना विचारलंस का?"

नाही विचारलं. हिंमत झाली नाही.

पण आमचे अप्पा रोज सकाळी वावरात जाताना खिशातल्या फोनवर हा पॉडकास्ट ऐकतात. त्यामुळे आता विचारल्यात जमा आहे.

अप्पा, संध्याकाळी फोन करतो.